नेणार कसं, आणणार कोण?

“तो यायलाच तयार नाही हो. आम्ही करायचं काय?”

मानसिक आजारांवरचं व्याख्यान संपलं, चहाचे कप फिरू लागले, की कुणीतरी वक्त्याला बाजूला घेऊन हळूच हे विचारतं. विचारणारी बहुतेकदा आई असते, नाहीतर बहीण. सगळ्यांसमोर विचारायचं धाडस होत नाही, आणि न विचारता घरी जाववत नाही.

वसई-विरार पट्ट्यात या प्रश्नाला कित्येक वर्षं एका शब्दाचं उत्तर होतं : ठाणं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई तालुका ठाणे जिल्ह्यातच मोडायचा. जिल्ह्याचं कुठलंही मोठं काम ठाण्यालाच. त्यामुळे ‘त्याला ठाण्याला नेलं’ या वाक्याचे दोन अर्थ निघत, आणि सांगणाऱ्याचा आवाज खाली आला की ऐकणारा समजून घेई : कचेरीत नव्हे, १९०१ सालापासून उभ्या असलेल्या मनोरुग्णालयात. काही जण तर ‘नेलं’ असंही म्हणत नसत. ‘ठाण्याला टाकलं’ म्हणत.

नेलं आणि टाकलं या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, तेवढाच या प्रकरणाचा विषय आहे. माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याला मनोरुग्णालयात दाखल करता येतं का? येतं. पण कधी, कुणाच्या सांगण्यावरून, किती दिवस, आणि त्यानंतर काय? एकेक गाठ सोडवत जाऊ.

१. तो ‘नाही’ का म्हणतो?

समजण्यासाठी एक कल्पित घर घेऊ. नालासोपारा पूर्वेला दोन खोल्यांचा फ्लॅट. वडील नाहीत. आई आणि सव्वीस वर्षांचा मुलगा. थोरली ताई लग्न होऊन विरारला. मुलगा रोज सकाळची लोकल पकडून अंधेरीला कामाला जायचा. चार महिन्यांपूर्वी त्याने जाणं सोडलं. खिडकीच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली. वरच्या मजल्यावरचे लोक कॅमेरा लावून आपल्याला पाहतात, असं तो सांगतो. रात्र रात्र झोपत नाही. आता आईच्या हातचं जेवणही बंद झालंय, कारण त्यात काहीतरी कालवलंय अशी त्याची खात्री आहे. डॉक्टरांचं नाव काढलं की तो म्हणतो, “मला काही झालेलं नाही. कॅमेरा त्यांनी लावलाय, त्यांना न्या.”

आईला वाटतं, पोरगा हट्टी झालाय. तसं नाही. अर्नाळ्याची एखादी बोट खोल समुद्रात आहे आणि तिच्यावरचं जीपीएस बिघडलंय, अशी कल्पना करा. पडद्यावर ठिपका स्पष्ट दिसतोय. तांडेल त्या ठिपक्याकडे बघून निर्धास्तपणे सुकाणू धरून आहे. किनाऱ्यावरून कुणी ओरडलं, ‘अरे चुकलास’, तर तो त्याचं ऐकेल की डोळ्यांसमोरच्या पडद्याचं? सायकॉसिस म्हणजे वास्तवाशी नातं सुटण्याच्या अवस्थेत बिघाड असतो नेमका त्या यंत्रात, ज्याने बिघाड ओळखायचा. मधुमेह झालेल्याला मधुमेह पटतो, कारण पटवून घेणारं यंत्र शाबूत असतं. इथे तेच आजारी आहे. म्हणून वाद घालून, पुरावे दाखवून, शपथा घालून हा माणूस बधत नाही.

पण प्रत्येक ‘नाही’ आजारातून येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. मागच्या वेळच्या गोळ्यांनी वजन वाढलं, हात थरथरू लागले, दिवसभर गुंगी राहिली. मागच्या वेळी फसवून नेलं. शेजारीपाजारी काय म्हणतील, लग्न कसं जमेल, ही भीती आहे. असा नकार ऐकून घ्यावा लागतो. डॉक्टर बदलून, गोळी बदलून, आधी घरच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन तो पुष्कळदा सुटतो. जबरदस्तीचा विचार करण्याआधी कारण विचारा. निम्मं भांडण तिथे मिटू शकतं.

२. तीन साधे प्रश्न

मग कुणाचा नकार मानायचा आणि कुणाचा नाही? पूर्वी याचं उत्तर रोगाच्या नावावरून दिलं जाई. १९१२च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याच्या नावातच ‘वेड’ होतं. १९८७च्या कायद्याने भाषा सुधारली. आता लागू आहे तो ‘मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७’, २९ मे २०१८ पासून. त्याने प्रश्नच बदलला. माणूस वेडा आहे का, असं तो विचारत नाही. स्वतःच्या उपचारांचा निर्णय घ्यायची क्षमता या माणसाला आत्ता आहे का, एवढंच विचारतो.

ती क्षमता तीन गोष्टींत पाहिली जाते. साध्या भाषेत सांगितलेली माहिती त्याला कळते का? होकाराचा किंवा नकाराचा परिणाम काय होईल, हे उमगतं का? आणि आपला निर्णय बोलून, खुणेने, कसाही कळवता येतो का?

दोन माणसं घ्या. दोघांनाही स्किझोफ्रेनिया आहे. पहिला म्हणतो, “आवाज अजून येतात. पण या गोळीने दिवसभर झोप येते, नोकरी जाईल. दुसरी द्या, नाहीतर मी घेणार नाही.” दुसरा म्हणतो, “गोळीत चिप आहे.” पहिल्याचा नकार आपल्याला पटो न पटो, तो विचार करून दिलेला आहे. क्षमता त्याच्याकडे आहे. दुसऱ्याकडे ती या घडीला नाही. ‘या घडीला’ हे शब्द महत्त्वाचे. ताप उतरतो तशी ही अवस्थाही उतरते, म्हणून क्षमता पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आणि इतरांना निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरवता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

३. रुग्णालयाचे तीन दरवाजे

पहिला दरवाजा स्वतःच्या पायांनी आत जाण्याचा. प्रौढ माणूस येतो, सही करतो, दाखल होतो. जावंसं वाटलं की घरी जाण्याचा हक्क त्याला असतो. जाण्यात धोका वाटला तर डॉक्टर त्याला तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवू शकतात. जास्तीत जास्त रुग्णांनी याच दरवाजाने यावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

दुसरा दरवाजा आधार घेऊन जाण्याचा. आपण ज्याला ‘जबरदस्तीने दाखल करणं’ म्हणतो, त्याला कायदा मोठ्या आधाराची गरज असलेल्या माणसाचा प्रवेश म्हणतो. शब्दांचा खेळ वाटेल, पण अटी वाचल्या की फरक कळतो. अर्ज करतो तो रुग्णाचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’. दोघे जण रुग्णाला स्वतंत्रपणे तपासतात : एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे मानसिक आरोग्य क्षेत्रातले तज्ज्ञ किंवा डॉक्टर. ही तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. आणि तीनपैकी निदान एक गोष्ट दोघांनाही दिसली पाहिजे : तो नुकताच स्वतःच्या जिवावर उठला आहे, किंवा दुसऱ्यावर हात टाकलाय, दुसऱ्याला जिवाची भीती वाटावी असा वागतोय, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही, इतकी की त्यातून इजा होईल. शिवाय याहून कमी बंधनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही, अशीही खात्री व्हावी लागते.

आपल्या गोष्टीतल्या मुलाने कुणाला मारलेलं नाही. पण तो जेवत नाही, झोपत नाही. अन्नावाचून त्याचं वजन झपाट्याने उतरत असेल, तर तिसरी अट लागू पडू शकते. उलट, तो जेवतोय, झोपतोय आणि फक्त कॅमेऱ्याबद्दल बोलतोय, तर या दरवाजाने नेता येणार नाही. आईला हे अन्यायाचं वाटेल. पण घरच्यांना नकोसा झालेला शहाणा माणूसही याच दरवाजाने आत ढकलला जाऊ शकतो, म्हणून उंबरठा उंच ठेवला आहे.

हा प्रतिनिधी कोण? रुग्णाने स्वतः लेखी नेमलेला माणूस असेल तर तो. नसेल तर नातेवाईक, नाहीतर सांभाळ करणारी व्यक्ती. कुणीच नसेल तर ‘मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ’ नेमेल ती. इथे आई अर्ज करू शकते. पण बरा असताना मुलगा ‘माझी प्रतिनिधी ताई’ असं लिहून ठेवू शकला असता. त्याच वेळी ‘पूर्वनिर्देश’ही करता येतो : पुन्हा आजारी पडलो तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत. आजार उतरल्यावर हे दोन कागद नक्की करा.

तिसरा दरवाजा आणीबाणीचा. जिवाला धोका आहे, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करतोय, आणि मनोविकारतज्ज्ञ हाताशी नाही. अशा वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, तातडीचा उपचार सुरू करू शकतो आणि रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत पोचवू शकतो. मुदत ७२ तास, किंवा त्या संस्थेत तपासणी होईपर्यंत. जे आधी होईल ते.

४. तीस दिवसांचा हिशेब

दुसऱ्या दरवाजावर घड्याळ टांगलेलं आहे. ते असं चालतं.

समजा, मुलगा ३ जूनला दाखल झाला. रुग्णालयाने सात दिवसांत, म्हणजे १० जूनपर्यंत, ‘मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळा’ला कळवायचं. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांतच, म्हणजे ६ जूनपर्यंत. दर सात दिवसांनी त्याची निर्णयक्षमता तपासायची. क्षमता परत आली, की मर्जीविरुद्ध ठेवण्याचा आधार संपला. मग राहायचं तर त्याच्या स्वतःच्या सहीने. दाखल केल्याचं त्याला किंवा आईला गैर वाटलं तर दोघांपैकी कुणीही मंडळाकडे दाद मागू शकतं, आणि मंडळाने सात दिवसांत निकाल द्यायचा असतो. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे.

२ जुलैला तीस दिवस भरतात. त्यापुढे ठेवायचं असेल तर दोन मनोविकारतज्ज्ञांनी पुन्हा स्वतंत्रपणे तपासायचं आणि मंडळाची परवानगी लागते. ती आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग एका वेळी १८० दिवसांपर्यंत. म्हणजे आपोआप काहीच वाढत नाही. भाड्याच्या घराचा करार जसा संपतो आणि नव्याने करावा लागतो, तसंच.

५. ती रात्र

कायदा दिवसाउजेडी वाचायला ठीक. प्रसंग येतो तो रात्री दोन वाजता, बाहेर जुलैचा पाऊस आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना. तेव्हा कामाला येतील अशा गोष्टी आधीच ठरवून ठेवा.

बोलणारं माणूस एकच असू द्या, ज्याच्यावर त्याचा त्यातल्या त्यात विश्वास आहे ते. आई, ताई, भावोजी, शेजारचे काका सगळे एकदम समजावू लागले की त्याला घेरल्यासारखं वाटतं. आवाज खाली, वाक्यं लहान. दाराची वाट अडवू नका. त्याची नाही आणि तुमचीही नाही. ‘कॅमेरा नाहीच आहे’ म्हणून भांडू नका. ‘हो, आहे’ म्हणून खोटं बोलू नका. “मला कॅमेरा दिसत नाही. पण तू घाबरलायस आणि चार रात्री झोपला नाहीस, ते मला दिसतंय. झोप येण्यासाठी काही करू या.” भीती आणि निद्रानाश, या दोन गोष्टी त्यालाही मान्य असतात. तिथून धागा धरता येतो.

कोयता, विळी, फिनेल, उंदराचं औषध, गोळ्यांच्या पट्ट्या आधीच उचलून ठेवा. लहान मुलांना शेजारी पाठवा. तो मरणाबद्दल बोलत असेल तर ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. मनात असलेली बाहेर येते. आत्महत्येचा प्रयत्न झालाच असेल तर पोलीस केसच्या धास्तीने डॉक्टरांपासून लपवू नका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच २०१७चा कायदा गृहीत धरतो, आणि त्याच्या काळजीची जबाबदारी सरकारवर टाकतो.

तीन नंबर फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. १४४१६ म्हणजे ‘टेलिमानस’, १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा. मराठीत बोलता येतं, रात्रीही. १०८ रुग्णवाहिका. ११२ पोलीस. पोलिसांना बोलवायला लाजू नका, फोनवरच सांगा, “गुन्हा नाही, मानसिक आजार आहे, गाडी शांतपणे आणा.” मानसिक आजारामुळे धोक्यात असलेल्या माणसाला संरक्षणात घेणं, आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं, हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्यच आहे. अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवायला मनाई आहे.

आणि ठाणंच गाठलं पाहिजे असा हट्ट नको. घोडबंदर रस्त्याची कोंडी अशा माणसाला मागच्या सीटवर घेऊन सोसायची नसते. कोणत्याही जवळच्या रुग्णालयात आधी तपासणी होऊ द्या. साखर फार उतरणं, मेंदूचा ताप, नशेचा किंवा दारू अचानक तोडल्याचा परिणाम यांनीही माणूस असाच बरळू लागतो. मनोविकार विभाग असलेली साधी रुग्णालयंही दाखल करून घेऊ शकतात.

दोन गोष्टी मात्र करू नका. पहिली, ‘लग्नाला चाललोय’ म्हणून फसवून नेणं. एकदा जमतं, पुढची दहा वर्षं तो तुमच्या हातचं पाणी संशयाने पितो. “डॉक्टरांकडे चाललोय, मी सोबत थांबणार आहे,” हे ऐकून तो चिडेल, पण ते खरं असेल. दुसरी, बांधून ठेवणं. भगताकडे, मठात, कुठेही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने मेले. साखळी घालणं आज कायद्याने पूर्ण बंद आहे.

खासगी ‘सेंटर’वाले चार माणसं पाठवून घरातून उचलून नेतात, असंही घडतं. व्यसनमुक्ती केंद्रांत तर फारच. दारात गाडी येण्याआधी विचारा : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा, दोघांनी तपासल्याचे कागद कुठे आहेत, भेटायला कधी येऊ? उत्तर टाळलं तर दार लावून घ्या. व्यसनातून आलेला मानसिक त्रासही याच कायद्याखाली येतो, त्यामुळे वरचे सगळे नियम तिथेही लागू आहेत.

६. आत गेल्यावर

दारापाशी आईला सगळ्यात मोठी भीती असते शॉकची. सिनेमात दाखवतात तसा, जागेपणी, हातपाय धरून. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करायला आज बंदी आहे, आणीबाणीत तर तो करताच येत नाही. अल्पवयीन मुलाला पालकाची संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही असल्याशिवाय देता येत नाही. नीट दिला तर तीव्र नैराश्यात तो जीव वाचवतो. ती शिक्षा नव्हे. रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवायलाही मनाई आहे. भेट, फोन, स्वतःचे कपडे, स्वतःच्या उपचारांची माहिती हे सारे त्याचे हक्क.

पहिले काही दिवस तो बहुधा झोपेल. झोप ही पहिली दुरुस्ती. संशय आणि भास ओसरायला आठवडे लागतात. या काळात तो तुमच्यावर संतापेल. “तूच मला इथं आणलंस.” त्यावर सफाई देत बसू नका. “हो, मी आणलं. मला भीती वाटली. रविवारी पुन्हा येते.” आणि रविवारी खरोखर जा.

७. आणणार कोण?

आता सुरुवातीच्या क्रियापदांकडे परत येऊ.

मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका केली. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बारा वर्षं काढाव्या लागलेल्या एका विवाहितेची हकीकत तिच्या मुळाशी होती. २०२२ मध्ये या याचिकेच्या सुनावणीत एक आकडा पुढे आला : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या राज्याच्या चार मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून जास्त काळ राहिलेले रुग्ण ४७५. त्यांतले २६३ घरी सोडण्याजोगे झालेले होते.

त्यांना आत ठेवलं होतं ते आजाराने नव्हे. नेणारे आले होते, आणणारे आले नव्हते. तीस दिवसांचं घड्याळ मंडळ पाहील, डॉक्टर पाहतील. पण ते वाजल्यावर फाटकाशी उभं राहायला कायदा कुणाला भाग पाडू शकत नाही.

म्हणून दाखल करतानाच परतीची तयारी सुरू करा. सोडण्याआधी घरच्यांशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्या बैठकीत वही घेऊन बसा. गोळ्या कोणत्या, किती महिने, कोण देणार? दुष्परिणाम दिसला तर फोन कुणाला? पुढची तपासणी वसईत, विरारला जवळपास होईल का? आजार उलटतोय याची पहिली खूण कोणती? बहुतेक घरांत ती खूण झोप असते. सलग दोन-तीन रात्री जाग आली की थांबू नका. ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या स्वतःहून बंद केल्या, की पुन्हा तोच पाऊस आणि तीच रात्र.

आणि स्वतःकडेही बघा. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांची ठाण्यातली आयपीएच संस्था, पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अशा ठिकाणी शुभंकर एकमेकांशी बोलतात. २००४चा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट अशाच एका शुभंकर बहिणीचं घर दाखवतो. तो घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसून बघावा.

कॅलेंडरवर दाखल केल्याच्या तारखेला खूण कराल, तेव्हा तीस दिवस मोजून दुसरीही एक खूण करून ठेवा. तिच्यापुढे आणायला जाणाऱ्या माणसाचं नाव लिहा. ते नाव सापडत नसेल, तर आधी ते शोधा.